स्टालिनग्राडनंतर काय? ६२व्या आर्मीची पुढची गोष्ट (१९४२ ते आज)

खंदक (धागाकर्ता)

स्टालिनग्राडबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालंय, पण बहुतेक लिखाण २ फेब्रुवारी १९४३ ला थांबतं. जर्मन शरण आले, विषय संपला. ज्या आर्मीने व्होल्गाकाठची ती चिंचोळी पट्टी सोडली नाही, तिचं पुढे काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. ती बर्लिनपर्यंत गेली, तिथून जर्मनीतच चार दशकांहून जास्त काळ मुक्कामाला राहिली, परत त्याच शहरात आली (तोवर त्याचं व्होल्गोग्राड झालं होतं), तिथे मोडली गेली आणि २०१७ मध्ये पुन्हा उभी राहिली. मला यातला प्रश्न असा पडतो, की या सगळ्यात टिकलं काय? नंबर आणि झेंडा टिकला हे उघड आहे. पण त्या शहरात माणसं मरून जे शिकली, ते टिकलं का?

सुरुवातीपासून सांगतो. १० जुलै १९४२ ला सातव्या राखीव आर्मीचं नाव बदलून ६२वी आर्मी झाली. (सोव्हिएत फौजेत आर्मी म्हणजे अनेक डिव्हिजनचा एक मोठा गट.) पहिला सेनापती कोल्पाकची, मग लोपातिन. डॉन नदीच्या मोठ्या वळणात तिला जबर मार बसला आणि ती शहराकडे रेटली गेली. १२ सप्टेंबरला वासिली चुइकोव्हच्या हाती सूत्रं आली तेव्हा जर्मन शहराच्या तोंडाशी होते. चीफ ऑफ स्टाफ निकोलाय क्रिलोव्ह. हा माणूस त्याआधी ओडेसा आणि सेव्हास्तोपोल असे दोन वेढे सोसून आलेला. १४-१५ सप्टेंबरच्या रात्री रोदिमत्सेव्हची १३वी गार्ड्स डिव्हिजन व्होल्गा ओलांडून आली, दहा हजारांच्या आसपास माणसं. त्यातली फार थोडी शेवटपर्यंत उरली.

चुइकोव्हने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे शत्रूला चिकटून राहायचं, हातबॉम्ब टाकता येईल इतक्या अंतरावर. जर्मन विमानांना बॉम्ब टाकायचा तर आपलीच माणसं मरतील अशी त्यांची पंचाईत झाली पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याने कंपनी, बटालियन असे मोठे गठ्ठे फोडून छोटे हल्ला-गट केले. एक गट आधी घरात घुसायचा, जवळ सबमशीनगन, हातबॉम्ब, सुरा आणि धार लावलेलं फावडं. आत शिरल्याची खूण मिळाली की दुसरा गट मशीनगन, रणगाडाविरोधी रायफली, पहारी आणि सुरुंग घेऊन मागोमाग जायचा आणि घर लढण्याजोगं करायचा. तिसरा गट राखीव, बाजूने होणारा प्रतिहल्ला अडवायला. कुठली खिडकी, कुठला जिना, भिंतीला भोक कुठे पाडायचं, हे सार्जंटने ठरवायचं. सोव्हिएत फौजेत इतकं स्वातंत्र्य खालच्या माणसाला मिळणं ही मोठी गोष्ट होती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला चुइकोव्हचं मुख्यालय नदीकाठच्या उतारावर होतं आणि वर तेलाच्या टाक्या. त्या रिकाम्या आहेत असं सगळे धरून चालले होते. बॉम्बहल्ल्यात त्या फुटल्या आणि पेटलेलं तेल मुख्यालयावरून वाहत व्होल्गेत उतरलं. टेलिफोनच्या तारा जळाल्या, मुख्यालय मात्र तिथून लगेच हललं नाही.

एप्रिल १९४३ मध्ये हुकूम निघाला आणि ६२व्या आर्मीची ८वी गार्ड्स आर्मी झाली. गार्ड्स हा किताब १८ सप्टेंबर १९४१ पासून, येल्न्याच्या लढाईनंतर, चांगलं लढलेल्या तुकड्यांना मिळू लागला होता. किताबाबरोबर वेगळा झेंडा, छातीवर बिल्ला, अधिकाऱ्यांना दीडपट आणि शिपायांना दुप्पट पगार.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. जुलै १९४३ इझ्युम, मग डोनबास, १४ ऑक्टोबरला झापोरिझ्झिया, १० एप्रिल १९४४ ला ओडेसा. तिथून तिची उचलबांगडी करून पहिल्या बेलारशियन फ्रंटमध्ये (फ्रंट म्हणजे अनेक आर्मींचा गट) पाठवलं. जुलैत कोव्हेलहून निघून पोलंडमधलं लुब्लिन, आणि लुब्लिनच्या वेशीवर मायदानेक. छळछावणी जवळजवळ जशीच्या तशी हाती लागली ती तिथे. १ ऑगस्टला माग्नुशेव्हजवळ व्हिस्टुला पार. १४ जानेवारी १९४५ ला त्याच ठाण्यावरून झेप, १९ तारखेला वुच, आणि मग पोझनान.

पोझनानला मी मुद्दाम थांबतो. जुन्या प्रशियन किल्ल्यांनी वेढलेलं शहर, आणि हिटलरने ते 'किल्ला' घोषित केलेलं, म्हणजे शरण जायचं नाही. चुइकोव्हच्या आर्मीचा एक भाग तिथे महिनाभर घरोघर लढला. २३ फेब्रुवारीला किल्ला पडला. स्टालिनग्राडला शहर राखताना जे शिकले, तेच इथे उलटं, शहर घेताना, वापरलं. बर्लिनमध्येही तेच. १ मेच्या पहाटे जर्मन जनरल क्रेब्स पांढरं निशाण घेऊन आला तो टेम्पलहोफ भागातल्या शुलेनबुर्गरिंग रस्त्यावर, दोन नंबरच्या घरात, चुइकोव्हसमोर. हिटलर मेल्याची बातमी सोव्हिएत बाजूला पहिल्यांदा त्या खोलीत कळली. दुसऱ्या दिवशी बर्लिनचा सेनापती वाइडलिंग तिथेच शरणागतीचा हुकूम लिहून गेला.

युद्धानंतरच्या फेररचनेचं खाली प्रतिसादांत लिहितो. पोस्ट फार लांबली.

गोदाकाठ

सुंदर लिहिलंय. एक जोडतो. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला तो १९४३ साली, म्हणजे लढाईची धग असताना. मुंबईच्या कामगार वस्त्यांत तो गायला गेला. तुम्ही लिहिताय ती हीच आर्मी. आमच्या घरी आजोबांच्या पिढीला चुइकोव्ह हे नाव माहीत नव्हतं, पण गल्लीगल्लीत लढाई झाली हे पक्कं ठाऊक होतं, ते पोवाड्यामुळे.

फौजी४७

खंदक साहेब, लेख उत्तम. माझी सगळी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, म्हणून एक शंका. आमच्याकडे जवान आपल्या पलटणीचा असतो. भरती झाला की बेळगावला रेजिमेंटल सेंटर, तिथून पलटण, आणि रिटायर होईपर्यंत तीच पलटण. तिचे बॅटल ऑनर्स, तिचा दिवस, तिची घोषणा. यशवंत घाडगे, नामदेव जाधव ही इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेली नावं आजही रिक्रूटला सांगितली जातात. पलटण ज्या ब्रिगेडमध्ये, डिव्हिजनमध्ये आहे ती दोन-तीन वर्षांनी बदलते, त्याचं कुणाला सोयरसुतक नसतं. तुम्ही तर आर्मीचा, डिव्हिजनचा नंबर जपल्याचं लिहिताय. शिपायाला आर्मीच्या नंबराशी काय देणंघेणं?

खंदक

फौजी साहेब, अगदी कळीचा प्रश्न. सोव्हिएत व्यवस्था तुमच्या व्यवस्थेच्या उलट होती. त्यांच्या रेजिमेंटला प्रांत नव्हता, जात नव्हती, सेंटर नव्हतं. सायबेरियातला, कझाखस्तानातला, युक्रेनमधला असे सगळे एका कंपनीत. मान चिकटायचा तो डिव्हिजनला आणि आर्मीला, नंबर आणि किताबासह. त्यात शहराचं नावही जोडलं जायचं. ७९वी गार्ड्स डिव्हिजन 'झापोरिझ्झियाची' झाली ती १९४३ च्या त्या रात्रीच्या हल्ल्यानंतर.

आता यातली गंमत नाही, गुंता बघा. स्टालिनग्राडला ६२व्या आर्मीत लढलेल्या सगळ्या डिव्हिजन ८व्या गार्ड्समध्ये राहिल्याच नाहीत. सगळ्यात नावाजलेली रोदिमत्सेव्हची १३वी गार्ड्स दुसऱ्याच आर्मीत, ५व्या गार्ड्समध्ये गेली आणि युद्धाच्या शेवटी प्रागकडे होती. ट्रॅक्टर कारखान्यावर १४ ऑक्टोबरला जवळजवळ संपलेली झोलुदेव्हची ३७वी गार्ड्सही वेगळ्या वाटेने गेली. राहिल्या त्या ३५वी, ३९वी, ७४वी (आधीची ४५वी) आणि ७९वी (आधीची २८४वी, बात्युकची). नेमबाज झाइत्सेव्ह याच २८४व्या डिव्हिजनचा. ३५व्या गार्ड्समध्ये मशीनगन कंपनी सांभाळणारा रुबेन इबारुरी होता, स्पेनच्या कम्युनिस्ट नेत्या दोलोरेस इबारुरीचा मुलगा. तो सप्टेंबर १९४२ मध्ये गेला. व्होल्गोग्राडच्या मुख्य चौकात त्याचं थडगं आहे.

म्हणजे १९४३ च्या मध्यापर्यंत नंबर बदलला होता, निम्म्याहून अधिक डिव्हिजन बदलल्या होत्या, आणि प्रत्येक डिव्हिजनमधले शिपाई तर किती वेळा बदलले. टिकला तो सेनापती, त्याचं स्टाफ, रेजिमेंटचे काही अधिकारी आणि जुने सार्जंट. माझ्या मते लढण्याची रीत पोझनान-बर्लिनपर्यंत पोचली ती या मोजक्या माणसांमुळे. नंबरामुळे नाही.

येनाकर

मी येनामध्ये राहतो, थ्युरिंगेन राज्यात, म्हणून हा धागा माझ्या अंगणातलाच. युद्ध संपलं तेव्हा थ्युरिंगेनमध्ये अमेरिकन होते. जुलै १९४५ च्या सुरुवातीला ते ठरल्याप्रमाणे मागे गेले आणि ८वी गार्ड्स आली. चुइकोव्हचा कारभार वायमारमधून चालायचा. पुढे आर्मीचं मुख्यालय वायमारजवळच्या नोरा गावी. वायमारला इल्म नदीकाठच्या उद्यानात सोव्हिएत दफनभूमी आहे, कवी गटेच्या बागेतल्या घरापासून चालत जाता येतं. मी पाहुणे आले की नेतो.

इथल्या लोकांच्या आठवणी मात्र सरळ नाहीत. १७ जून १९५३ ला येनाच्या चौकात कामगार आणि गावकरी सरकारविरोधात हजारोंनी जमले, तेव्हा त्यांच्यावर सोव्हिएत रणगाडे आले. आल्फ्रेड डीनर या तरुण कामगाराला दुसऱ्याच दिवशी वायमारला गोळी घातली. शाळेत मुलांना हे शिकवतात. ज्यांनी मायदानेकचं फाटक उघडलं त्याच सैन्याचा हा दुसरा चेहरा, आणि इथे दोन्ही खरे मानतात.

सीमेवरच्या गाइसा गावाजवळ पॉइंट अल्फा आहे. एका बाजूला अमेरिकन ठाणं, समोर पूर्व जर्मन टेहळणी मनोरा, मधे थोडंसं माळरान. दोन्हीकडचे लोक एकमेकांचे चेहरे दुर्बिणीतून ओळखत असणार इतकं ते जवळ आहे. फुल्डा खिंडीचं (पूर्व जर्मनीतून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटेचं) महत्त्व नकाशावर कळत नाही, तिथे उभं राहिलं की कळतं. तिथून फ्रँकफर्ट शंभरेक किलोमीटर.

खंदक

येनाकर, फार मोलाचा प्रतिसाद. आता फेररचनेकडे येतो.

मे १९४५ मध्ये सोव्हिएत फौज १ कोटी १३ लाखांवर होती. १९४८ पर्यंत ती २९ लाखांच्या आत आली. २३ जून १९४५ च्या कायद्याने सगळ्यात वयस्कर १३ वयोगट आधी घरी गेले. म्हणजे जे जुने सार्जंट रीत शिकवत होते, तेच पहिल्या गाड्यांनी परतले. काही डिव्हिजन काही वर्षांतच मोडल्या. उरलेल्यांना ट्रक आणि रणगाडे मिळून त्या मेकॅनाइज्ड झाल्या. १९५७ मध्ये रायफल डिव्हिजन हा प्रकारच गेला आणि मोटर रायफल डिव्हिजन आल्या. मधल्या फेरफारात नंबर इतके बदलले की युद्धातले नंबर ओळखू येईनात, म्हणून १९६० च्या दशकाच्या मध्यात कित्येक डिव्हिजनना त्यांचे युद्धातले नंबर परत दिले.

अखेरच्या काळात मांडणी साधारण अशी: हाले गावी २७वी, ओरड्रुफला ३९वी, नाउमबुर्गला ५७वी, या तिन्ही मोटर रायफल, आणि येनाला ७९वी रणगाडा डिव्हिजन. ४७वी गार्ड्स तिसऱ्या आर्मीकडे गेलेली. समोर फुल्डा खिंडीपलीकडे अमेरिकेची पाचवी कोअर.

आता या फौजेचं काम काय होतं? युद्ध झालंच तर बीएमपी (पायदळाच्या चिलखती गाड्या) आणि रणगाड्यांनी वेगाने पश्चिमेकडे सरकायचं. शहरं टाळायची, वळसा घालून पुढे जायचं. सगळा सराव त्याचा. चाळीस वर्षं माळावर रणगाडे पळवणारी फौज जिन्यावर लढायला विसरली. झेंडा मात्र कपाटात नीट इस्त्री करून ठेवलेला होता, दर २ फेब्रुवारीला तो बाहेर काढत.

मृण्मयी

दोन गोष्टी विचारते. एक, बर्लिनजवळच्या झेलो टेकड्यांवर चुइकोव्हचीच आर्मी होती ना? तिथे एवढी माणसं का गेली? दुसरं, बर्लिनच्या ट्रेप्टोव्ह पार्कातला तो लहान मुलीला कडेवर घेतलेला सैनिक, तो याच आर्मीतला असं कुठेतरी ऐकलं होतं.

खंदक

मृण्मयी, दोन्ही बरोबर.

झेलो: १६ एप्रिल १९४५, पहाट व्हायच्या आधी तोफांचा भडिमार आणि मग १४३ सर्चलाइट एकदम लागले. शत्रूचे डोळे दिपवायचे होते. पण हवेत धूळ आणि धूर इतका की प्रकाश त्यावर आपटून उलट फिरला आणि आपल्याच लोकांना पुढचं दिसेना. जर्मन आधीच मागच्या रांगेत सरकले होते, भडिमार बराचसा रिकाम्या खंदकांवर झाला. फ्रंटचा सेनापती झुकोव्हचा धीर सुटला आणि त्याने दुपारीच कातुकोव्हची पहिली गार्ड्स रणगाडा आर्मी आत ढकलली. खाली ओडरचं दलदलीचं खोरं, रस्ते मोजके, त्याच रस्त्यांवर चुइकोव्हच्या तोफा, ट्रक, जखमींच्या गाड्या आणि त्यात हे रणगाडे. सगळं अडकून पडलं. झेलो गाव दुसऱ्या दिवशी हाती आलं.

पुढे १९६० च्या दशकात चुइकोव्हने जाहीरपणे लिहिलं, की फेब्रुवारीतच बर्लिन घेता आलं असतं. झुकोव्हने ते खोडून काढलं. मला झुकोव्हची बाजू पटते. उत्तरेला पॉमेरानियात जर्मन फौज बगलेवर होती, रसद मागे राहिली होती, आणि चुइकोव्हचीच माणसं पोझनानला गुंतली होती.

ट्रेप्टोव्हचा सैनिक: निकोलाय मासालोव्ह, ७९व्या गार्ड्स डिव्हिजनच्या २२०व्या रेजिमेंटचा झेंडेकरी. ३० एप्रिलला लांडवेर कालव्याच्या पलीकडून मुलीचं रडणं ऐकू आलं, तो गोळीबारात सरपटत गेला आणि पुलाखालून तिला घेऊन आला. शिल्पकार वुचेतिचने पुतळा केला तो त्या प्रसंगावरून, १९४९ मध्ये उघडला. व्होल्गोग्राडच्या मामायेव्ह टेकडीवरची ती भव्य 'मातृभूमी'ही वुचेतिचचीच. चुइकोव्ह १९८२ मध्ये गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला त्याच टेकडीवर पुरलं, मॉस्कोत नाही.

कणकवलीचा_अभय

१९९४ च्या ग्रोझनीत (चेचन्याच्या राजधानीत) ही आर्मी होती ना? त्यावर लिहा.

खंदक

हो. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं, म्हणून जरा सविस्तर.

जर्मनीच्या एकीकरणानंतर सोव्हिएत फौजांना ३१ ऑगस्ट १९९४ पर्यंत निघायचं होतं. ८वी गार्ड्स व्होल्गोग्राडला आली. १९९३ मध्ये तिचा दर्जा उतरवून ८वी गार्ड्स कोअर केली. सेनापती लेव्ह रोखलिन. पण तिच्यातली मुख्य डिव्हिजन होती २०वी गार्ड्स मोटर रायफल, आणि ती मुळात ६२व्या आर्मीची नव्हे. ती कातुकोव्हच्या रणगाडा आर्मीतल्या मेकॅनाइज्ड कोअरची वारस, जर्मनीत ग्रिमा गावी असायची. झेलोच्या रस्त्यावर ज्यांनी चुइकोव्हची वाट अडवली त्यांच्यातली! २७वी वगैरे मूळच्या डिव्हिजन भलतीकडेच गेल्या, २७वी तर तोत्स्कोयेला.

३१ डिसेंबर १९९४ ला ग्रोझनीवर हल्ला झाला. १३१वी मायकोप ब्रिगेड आणि ८१वी रेजिमेंट गाड्यांच्या रांगा करून थेट स्टेशनपर्यंत शिरल्या. पायदळ गाड्यांतून उतरलंच नव्हतं. रात्रीत दोन्हींची राखरांगोळी झाली. रोखलिनची तुकडी ईशान्येकडून आली. तो एका रस्त्याने येणार असं भासवून दुसऱ्याने आला. मागच्या वाटेवर ठिकठिकाणी पहारे ठेवत गेला, त्यामुळे रसद तुटली नाही. डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात आणि रुग्णालयात त्याने पाय रोवले. बाकीच्या तुकड्या कोलमडल्यावर पुढची लढाई त्या कारखान्यातून चालली. मग हळूहळू लहान हल्ला-गट केले गेले, एकेक घर घेत पुढे सरकायचं ठरलं, आणि १९ जानेवारीला अध्यक्षांचा वाडा पडला.

म्हणजे बावन्न वर्षांपूर्वी स्वतःच्याच शहरात जे शिकले होते, ते पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचे जीव घालून शिकावं लागलं. मला हे वाचताना राग येतो. त्या आर्मीच्या वारशाची भाषणं दरवर्षी होत होती, पण जिना कसा चढायचा हे कुणी शिकवलं नव्हतं. रोखलिनने वेगळं केलं ते स्वतःच्या अकलेने.

त्याने 'रशियाचा वीर' हा किताब नाकारला. आपल्याच देशातल्या लढाईसाठी तो घेण्याचा नैतिक हक्क नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे तो दूमात (रशियन संसदेत) निवडून गेला, अध्यक्ष येल्तसिनच्या विरोधात उभा राहिला आणि ३ जुलै १९९८ ला स्वतःच्या घरात गोळी लागून मेला. ८वी कोअरही त्याच वर्षी मोडली.

फौजी४७

साहेब, समजलं. आमच्याकडे सुभेदार मेजर टिकतो, म्हणून रीत टिकते. तिकडे सोव्हिएत काळात सक्तीची दोन वर्षं भरली की शिपाई घरी, आणि खालच्या पातळीवर शिकवणारा कायमचा माणूसच नव्हता. मग झेंड्याने काय शिकवायचं?

मृण्मयी

मला झापोरिझ्झियाचं वाचून थांबावंसं वाटलं. १९४३-४४ मध्ये ही आर्मी इझ्युमला लढली आणि तिने डोनबास, झापोरिझ्झिया, ओडेसा मोकळं केलं. ती पुढे सरकत होती तेव्हा मोकळ्या झालेल्या युक्रेनी गावांतूनच तर भरती होत होती. आणि २०१७ मध्ये तोच नंबर परत आला तो युक्रेनच्या सीमेलगत.

खंदक

मृण्मयी, हो. मुख्यालय नोव्होचेर्कास्कला, रोस्तोव्ह प्रांतात. २०२२ मध्ये या आर्मीच्या तुकड्या मारियुपोलवरच्या हल्ल्यात होत्या. इझ्युम आणि झापोरिझ्झियाचा परिसर पुन्हा रणभूमी झाला. १९४३-४४ मध्ये या नंबराखाली मेलेल्या युक्रेनी शिपायांची नातवंडं आज त्याच नंबराच्या समोर उभी आहेत, आणि हा नंबर त्यांच्याही आजोबांचा होता. मॉस्कोने तो एकट्याचा असल्यासारखा वापरला, हे मला अक्षम्य वाटतं.

कणकवलीचा_अभय

पण मारियुपोलच्या बातम्यांत १५०वी डिव्हिजन वाचल्याचं आठवतं, बर्लिनमधल्या राइखस्टागवर (जर्मन संसदेच्या इमारतीवर) झेंडा लावणारी. ती कुठे बसते यात?

खंदक

अभय, जुन्या वंशावळीत कुठेच नाही. १९४५ ची १५०वी रायफल डिव्हिजन ३ऱ्या शॉक आर्मीत होती, ८व्या गार्ड्समध्ये नव्हती. राइखस्टागवरचा तो झेंडा तिचा हे खरं. ती युद्धानंतर मोडली गेली. २०१६-१७ च्या सुमारास रोस्तोव्ह प्रांतात नवी डिव्हिजन उभी करताना तो नंबर आणि 'इद्रित्सा-बर्लिन' हे नाव तिला दिलं आणि ती नव्या ८व्या आर्मीत घातली. व्होल्गोग्राडची २०वीही आधी ब्रिगेड करून, २०२१ मध्ये परत डिव्हिजन करून याच आर्मीत आहे. म्हणजे आजच्या ८व्या गार्ड्समध्ये एक डिव्हिजन कातुकोव्हच्या वंशाची, एक ३ऱ्या शॉक आर्मीच्या नावाची. व्होल्गाकाठी चुइकोव्हच्या हाताखाली लढलेल्यांपैकी या दोन्हींत एकही नाही.